लग्न सहा महिन्यांत मोडलं, नवरा न्यू जर्सीत: रद्द करून घ्यावं की घटस्फोट?

तुमच्या पत्रातल्या तारखा आधी एका जागी मांडते, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यांच्यावर अवलंबून आहे. लग्न गेल्या डिसेंबरात पुण्यात, वैदिक पद्धतीने. नोंदणी महापालिकेच्या कार्यालयात. फेब्रुवारीत तुम्ही एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून मिळणारा) न्यू जर्सीला गेलात. एप्रिलमध्ये कळलं, की नवऱ्याचं याआधी एक लग्न होऊन मोडलेलं आहे आणि बघण्याच्या कार्यक्रमापासून साखरपुड्यापर्यंत कुणी त्याचा उच्चारही केला नाही. जूनमध्ये तुम्ही नाशिकला माहेरी परतलात. आता सप्टेंबरात त्यांच्या तिथल्या वकिलाकडून ईमेलने कागद आलेत: लग्न रद्द करून मिळावं असा दावा, आणि सोबत सही करून परत पाठवायचं एक पान. घरचे म्हणतात, 'सही करून टाक, लग्न झालंच नव्हतं असं होईल, घटस्फोटित म्हणून शिक्का नको.' तुम्ही विचारताय, सही करू का, की इथे घटस्फोट घेऊ?

सही तूर्तास करू नका. पण कागद पेटीत टाकून गप्पही बसू नका. दोन्हींची कारणं सांगते.

आधी घरच्यांचा समज. लग्न थोडाच काळ टिकलं म्हणून ते रद्द होत नाही. सहा महिने टिकलं तरी नाही आणि सहा दिवस टिकलं तरी नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये 'अल्पकाळ टिकलेलं लग्न' नावाचा प्रकारच नाही. कलम ११ खाली लग्न मुळातच शून्य असतं ते तीन कारणांनी: लग्नाच्या वेळी आधीच्या लग्नाचा जोडीदार हयात असणं, निषिद्ध नात्यात लग्न, सपिंड (ठरावीक पिढ्यांपर्यंतच्या रक्ताच्या) नात्यात लग्न. कलम १२ मधली कारणं वेगळी आहेत. तिथे लग्न वैध असतं, पण फसलेल्या बाजूने मागितलं तर न्यायालय ते रद्द करू शकतं: समोरच्याच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न येणं, लग्नाच्या वेळी मानसिक स्थिती कायद्याने अपेक्षिलेली नसणं, बळजबरीने किंवा फसवून मिळवलेली संमती, आणि लग्नाच्या वेळी पत्नी दुसऱ्यापासून गरोदर असणं. एवढंच. 'आमचं पटलं नाही', 'तिथे करमलं नाही', 'सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर भाजीत मीठ किती घालायचं ते सांगायच्या' यातलं काहीही इथे बसत नाही. त्यातलं काही क्रूरतेत बसू शकतं, पण तो घटस्फोटाचा रस्ता झाला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये एका तरुण जोडप्याचं लग्न रद्द केलं. लग्नानंतर सतराव्या दिवशी दोघं वेगळी झाली होती. बातम्यांत 'सतरा दिवसांचं लग्न रद्द' असं आलं आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारे बरेच पालक तेच कात्रण पुढे करतात. निकाल वाचला तर कळतं की दिवसांचा त्याच्याशी संबंध नव्हता. नवरा आपल्या पत्नीशी शरीरसंबंध ठेवू शकत नव्हता आणि न्यायालयाने ते 'सापेक्ष नपुंसकत्व', म्हणजे विशिष्ट व्यक्तीपुरतं नपुंसकत्व, म्हणून कलम १२ मध्ये बसवलं. कनिष्ठ न्यायालयाने तर आधी नकारच दिला होता.

एक उपप्रश्न वारंवार येतो म्हणून इथेच सांगते. संबंध आले नाहीत, पण कारण नपुंसकत्व नसून समोरच्याने सरळ नकार दिला, तर? हिंदू विवाह कायद्यात निव्वळ नकार हे रद्द करण्याचं कारण नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झालं असेल तर आहे. तिथे कलम २५ मध्ये हेतुपुरस्सर नकार स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणून प्रमाणपत्रावर कुठल्या कायद्याचं नाव आहे ते बघा. तुमचं वैदिक लग्न महाराष्ट्राच्या १९९८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंदलं गेलं असणार. त्या नोंदणीने ते विशेष विवाह कायद्याखालचं होत नाही, हिंदू विवाहच राहतं. लोक नोंदणीलाच 'कोर्ट मॅरेज' म्हणतात आणि मग वकिलाकडे चुकीची माहिती जाते.

आता तुमची बाजू. तुम्हाला लागू पडू शकणारं कारण म्हणजे फसवणूक, कलम १२(१)(सी). १९७६ पर्यंत ही तरतूद फार आखूड होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने, पत्नीचा अपस्माराचा आजार लपवणं म्हणजे या कलमातली फसवणूक नव्हे, असं ठरवलं होतं. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात 'समोरच्या व्यक्तीविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती किंवा परिस्थिती' हे शब्द आले आणि दार बरंच उघडलं. आधीचं लग्न आणि घटस्फोट लपवणं ही महत्त्वाची वस्तुस्थिती लपवणं आहे, असं अनेक उच्च न्यायालयांनी मानलंय. पगार फुगवून सांगणं, 'ग्रीन कार्ड येतंच आहे' म्हणणं अशा गोष्टींत मात्र निकाल दोन्ही बाजूंचे सापडतात. निव्वळ बढाईला न्यायाधीश फसवणूक म्हणतीलच असं नाही.

या कलमाला दोन कुलपं आहेत आणि तुमच्या बाबतीत दुसरं जड जाणार. पहिलं, फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. तुम्हाला एप्रिलमध्ये कळलं, म्हणजे येत्या एप्रिलपर्यंत वेळ आहे. दुसरं, फसवणूक कळल्यानंतर तुम्ही आपल्या पूर्ण संमतीने नवरा-बायको म्हणून एकत्र राहिला असाल, तर अर्ज टिकत नाही. तुम्ही एप्रिल ते जून त्याच घरात होतात.

एका छताखाली असणं म्हणजे पूर्ण संमतीने संसार करणं नव्हे, असा युक्तिवाद करता येतो आणि तो पोकळ नाही. एच-४ वर असलेल्या मुलीकडे बऱ्याचदा तिथे स्वतःचं बँक खातं नसतं, बहुतेकींना नोकरीची परवानगी नसते, गाडी चालवता येत नाही, जवळ नातेवाईक नसतात. तिकीट काढायलाही पैसे मागावे लागतात. वेगळ्या खोलीत झोपत होतात का? आईला, बहिणीला तेव्हा काय लिहिलंत? मेसेजेस, कॉलच्या नोंदी, तिकिटासाठी माहेराहून पाठवलेले पैसे हे सगळं जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणून फोन बदलू नका, चॅट पुसू नका. पण मे महिन्यात दोघांनी नायगाराला जाऊन काढलेले फोटो फेसबुकवर असतील, तर समोरचा वकील ते पहिल्याच तारखेला दाखल करील. त्या दोन महिन्यांचं खरं चित्र तुमच्या वकिलाला आधीच सांगा. उलटतपासणीत निघालं तर फार महाग पडतं.

यानंतरचा मुद्दा तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांचं पहिलं लग्न कुठे झालं होतं, आणि ते मोडलं कुठल्या न्यायालयात?

समजा पहिलं लग्नही भारतात, हिंदू पद्धतीने झालं होतं आणि त्यांनी अमेरिकेत एकतर्फी घटस्फोट घेतला. सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा वाय. नरसिंह राव निकाल अशाच प्रकरणातला आहे. लग्न तिरुपतीत झालं होतं, नवऱ्याने मिसुरी राज्यातल्या न्यायालयातून घटस्फोटाचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) मिळवला, दुसरं लग्न केलं आणि पहिल्या पत्नीने द्विभार्येची फौजदारी तक्रार केली. न्यायालयाने सांगितलं, की लग्न ज्या कायद्याखाली झालं त्याच कायद्यात अधिकारक्षेत्र आणि घटस्फोटाचं कारण बसलं पाहिजे. नाहीतर परदेशी हुकूमनामा इथे मानला जाणार नाही. अपवाद तीन. दावा जिथे केला तिथेच समोरची व्यक्ती कायम राहणारी असेल आणि कारण आपल्या कायद्यातलं असेल. ती स्वतःहून त्या न्यायालयात हजर होऊन त्याच कायद्यातल्या कारणावर खऱ्या अर्थाने लढली असेल. किंवा तिने हुकूमनाम्याला संमती दिली असेल.

यातलं काहीच घडलं नसेल, तर भारतीय कायद्याच्या नजरेत त्यांची पहिली बायको अजून त्यांची बायको आहे. मग तुमचं लग्न कलम ११ खाली मुळातच शून्य ठरतं. तिथे एका वर्षाची मुदत नाही आणि एप्रिल ते जून एकत्र राहण्याची अडचणही नाही. तुमच्या घरच्यांना हवं असलेलं 'लग्न झालंच नव्हतं' हे कागदावर मिळवण्याचा सर्वांत भक्कम मार्ग कदाचित तोच असेल. उलट पहिली पत्नी तिथेच राहणारी होती, दोघांनी संमतीने घटस्फोट घेतला, असं निघालं तर हा मार्ग बंद आणि आपण पुन्हा कलम १२ वर. म्हणून 'त्यांचं आधी लग्न झालं होतं' एवढ्यावर रागावून थांबू नका, त्या हुकूमनाम्याची प्रत मिळवा.

आता तुमच्या पुढ्यात आलेले कागद. हाच नरसिंह राव निकाल तुमच्याही बाबतीत लागू आहे, फक्त आता पहिल्या पत्नीच्या जागी तुम्ही आहात. तुम्ही गप्प बसलात आणि त्यांनी तिथून एकतर्फी हुकूमनामा मिळवला, तर ते तिथे अविवाहित होतील आणि तुम्ही इथे विवाहित राहाल. पुढे तुम्ही भारतात दुसरं लग्न करायला गेलात की अडचण तुमची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली जोडीदार हयात असताना दुसरं लग्न हा गुन्हा आहे आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. १९९४ च्या नीरजा सराफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं होतं, की अनिवासी भारतीयाशी भारतात झालेलं लग्न परदेशी न्यायालयाला रद्द करता येऊ नये असा कायदा करावा. तो झालेला नाही. अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात पुन्हा सर्वंकष कायद्याची शिफारस केली. तोवर आपल्याला नरसिंह रावच्या भरवशावरच चालायचं आहे.

ईमेलने कागद पाठवणं ही रीतसर बजावणी, म्हणजे दाव्याचे कागद कायदेशीररीत्या तुमच्या हाती पोचवणं, आहे का? भारत आणि अमेरिका दोघंही बजावणीच्या १९६५ च्या हेग कराराचे सदस्य आहेत. भारतासाठी तो ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. भारताने त्यात थेट टपालाने बजावणीला हरकत नोंदवली आहे. रीतसर मार्ग म्हणजे दिल्लीतल्या विधी व न्याय मंत्रालयामार्फत, तिथून जिल्हा न्यायालय आणि मग बेलिफ तुमच्या दारी. त्याला महिने लागतात, म्हणूनच ते 'फक्त पोच म्हणून सही करा' असं पान पाठवतात. ती सही केली की बजावणीचा प्रश्नच संपतो. न्यू जर्सीत बजावणीनंतर उत्तर द्यायला ३५ दिवस असतात आणि तिथलं घड्याळ त्या सहीपासून सुरू होऊ शकतं. दाव्याच्या गुणदोषांवर तुम्ही स्वतः ईमेल लिहून उत्तर दिलंत, तरी पुढे 'त्या स्वतःहून हजर झाल्या' असं म्हणायला त्यांना जागा मिळते. त्यामुळे त्यांच्या वकिलाशी थेट पत्रव्यवहार करू नका. न्यू जर्सीतला परवानाधारक वकील गाठा आणि त्याच्यामार्फत फक्त अधिकारक्षेत्राची व बजावणीची हरकत घ्यायची की दाव्यात उतरायचं, हे ठरवा. तिथला न्यायाधीश ईमेलची बजावणी कितपत मानील हे तोच सांगू शकेल. पुण्यात बसून मी ते ठामपणे सांगणं योग्य नाही.

त्या दाव्यात काय लिहिलंय तेही शांतपणे वाचा. लग्न रद्द करायला तिथेही कारण लागतं. म्हणजे कुठेतरी तुम्ही काहीतरी लपवलंत, किंवा केवळ व्हिसासाठी लग्न केलंत, असं लिहिलेलं असणार. 'व्हिसासाठी लग्न' हे विधान तुमच्या संमतीने न्यायालयाच्या निकालात गेलं, तर पुढे कधी अमेरिकेचा व्हिसा मागाल तेव्हा ते समोर येऊ शकतं. माझ्या मते सही न करण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. वास्तविक ते तिथे एक वर्षाहून जास्त काळ राहत असतील, तर सहा महिन्यांच्या 'न मिटणाऱ्या मतभेदां'वर साधा, कुणावर ठपका न ठेवणारा घटस्फोट मागू शकतात. तो न मागता रद्दचा दावा का केला, हे त्यांच्या वकिलाला विचारायला लावा. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की मुलाच्या आईवडिलांनाही 'घटस्फोटित' शब्द नको असतो.

या शब्दाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. कलम १२ चा हुकूमनामा झाला तर कायद्याच्या दृष्टीने लग्न मागे जाऊन रद्द होतं, हे खरं. पण महापालिकेच्या नोंदवहीतली नोंद आपोआप पुसली जात नाही, पासपोर्टवर जोडीदाराचं नाव चढवलं असेल तर ते हुकूमनामा दाखवूनच काढावं लागतं, आणि अमेरिकन दूतावासाकडे तुम्ही पत्नी म्हणून एच-४ मागितल्याची नोंद कायम आहे. उद्या स्वतःच्या नोकरीवर किंवा शिक्षणासाठी व्हिसा मागताना डीएस-१६० फॉर्मवर वैवाहिक स्थिती विचारतील, तेव्हा खरं तेच लिहावं लागेल. पुढच्या स्थळाला तर सांगायलाच हवं. नाहीतर ज्या कलमाखाली तुम्ही आज दाद मागताय, तेच उद्या तुमच्यावर लागेल. एवढ्यासाठी वर्ष-दोन वर्षं साक्षी-पुरावे करत लढायचं का, हे आईवडिलांसोबत बसून ठरवा. माझ्या अनुभवात हा अट्टहास मुलीपेक्षा घरच्यांचाच जास्त असतो.

आणखी एक गैरसमज: रद्द झालं तर पोटगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं, की लग्न शून्य ठरलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायम पोटगी मागता येते. द्यायची की नाही आणि किती, हे न्यायालय परिस्थिती बघून ठरवतं. अर्थात सहा महिन्यांच्या, मूल नसलेल्या लग्नात फार मोठ्या रकमेची अपेक्षा धरू नका. स्त्रीधन मात्र तुमचंच आहे, लग्न शून्य ठरो, रद्द होवो वा मोडो.

मग माझा सल्ला काय? समोरची बाजू बोलायला तयार असेल, तर भारतातला परस्पर संमतीचा घटस्फोट, कलम १३बी. कोर्टात सगळे त्याला 'म्युच्युअल' म्हणतात. कुणी कुणावर काही सिद्ध करायचं नाही, हुकूमनामा इथे निर्विवाद वैध, आणि दोघांचाही सहभाग असल्यामुळे अमेरिकेत तो मान्य व्हायला सहसा अडचण येत नाही. प्रमाणित प्रतीवर राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील (परदेशात चालणारा प्रमाणीकरणाचा शिक्का) करून ठेवायचं.

अडचण वेळेची. पहिला अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुम्ही जूनपासून वेगळ्या आहात, म्हणजे पुढचा जून. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या शहरात राहणं असं नाही, पती-पत्नी म्हणून न राहणं. त्यामुळे एप्रिलपासूनच संबंध तुटले होते असं दोघंही खरोखर म्हणत असाल तर तारीख अलीकडे येऊ शकते. पण मग ती एप्रिलची तारीख कलम १२ च्या अर्जातल्या म्हणण्याशी जुळली पाहिजे. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून दुसरा अर्ज. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात सांगितलं; तिथली अपेक्षा अशी की समेटाचे प्रयत्न संपलेत, देण्याघेण्याचं सगळं मिटलंय आणि वेगळं राहून दीड वर्ष आधीच झालंय. २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालाने घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय थेट लग्न विसर्जित करू शकतं असं म्हटलंय. तो अधिकार त्याच न्यायालयाचा आहे, नाशिकच्या कुटुंब न्यायालयात त्याचा हवाला देऊन उपयोग नाही.

नवऱ्याला यासाठी दोनदा भारतात यावं लागेलच असं नाही. रीतसर कुलमुखत्यारपत्र देऊन आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर जबाब नोंदवून संमतीची प्रकरणं न्यायालयं निकालात काढतात. वेळेचा फरक लक्षात ठेवा: आपले सकाळचे अकरा म्हणजे तिथे मध्यरात्र उलटलेली. तारीख लावून घेताना कोर्टाच्या लिपिकाला हे आधी सांगितलेलं बरं.

संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते; मधे कुणीही माघार घेऊ शकतं. म्हणून संमतीच्या अटींत पैशांचे टप्पे नीट बांधा. निम्मी रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेली दुसऱ्या वेळी न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने, ही रुळलेली पद्धत आहे. दागिन्यांची यादी तोळ्यांसकट, कुणाकडे काय आहे त्यासकट जोडा. तुमच्या मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं न्यू जर्सीच्या घरात राहिली असतील तर ती परत मिळणं ही स्वतंत्र अट करा. मुली सोनं आठवून लिहितात आणि गुणपत्रिका विसरतात. संयुक्त बँक खातं, तुमच्या नावाचं जोडकार्ड, गाडीच्या लीजवरची तुमची सही हेही मिटवा. त्यांनी तुमच्यासह संयुक्त कर विवरणपत्र भरलं असेल, तर त्यातल्या चुकीची जबाबदारी तिथल्या कायद्याने दोघांवर येते. त्याची प्रत मागा आणि नुकसानभरपाईचं कलम घाला.

म्युच्युअल जमलं नाही तर? लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय कलम १४ मुळे घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. असाधारण हालअपेष्टा किंवा समोरच्याचा असाधारण दुराचार दाखवला तर आधी परवानगी मिळू शकते, पण सहज नाही. रद्द करण्याच्या अर्जाला ही अट नाही. तारखा जोडून पाहा: तुमच्या लग्नाला डिसेंबरात वर्ष होतं आणि फसवणुकीची मुदत एप्रिलमध्ये संपते. मधल्या तीन-चार महिन्यांत एकच अर्ज दाखल करता येतो, ज्यात मुख्य मागणी कलम १२ खाली लग्न रद्द करण्याची आणि पर्यायी मागणी क्रूरतेवरून घटस्फोटाची. पहिली फसली तर दुसरी उभी राहते. पहिल्या घटस्फोटाचे कागद संशयास्पद निघाले तर मात्र डिसेंबरची वाट बघू नका, कलम ११ चा अर्ज लगेच करा. तुम्ही नाशिकला राहता म्हणून अर्ज नाशिकलाच करता येईल. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती सोय दिली आहे, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. हुकूमनाम्यानंतर अपिलाचे ९० दिवस संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची बोलणी मात्र पुढे नेऊ नका.

पोलीस तक्रारीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सल्ला देईलच. मारहाण, पैशांची मागणी, पासपोर्ट काढून घेणं असं खरोखर घडलं असेल तर जरूर करा. सासरच्या छळाबद्दलचं जुनं ४९८अ आता न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ मध्ये आहे, आणि घरगुती हिंसाचार कायद्याखाली नाशिकमध्येच अर्ज करता येतो. केवळ 'दबाव यावा' म्हणून केली, तर नवरा भारतात यायचंच टाळतो, तडजोड झाली तरी गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि म्युच्युअलचं वर्षभराचं काम तीन वर्षांवर जातं. परदेशात सोडून दिलेल्या स्त्रियांना परराष्ट्र मंत्रालय ४,००० डॉलरपर्यंत कायदेशीर मदत नोंदणीकृत वकील किंवा संस्थांमार्फत देतं. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतं. राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडेही अर्ज करून ठेवा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाला वर्ष झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्जच घेत नाहीत, रद्द करण्याचा घेतात. कॅनडा आणि जर्मनीत साधारण वर्षभर वेगळं राहण्याचा नियम आहे. लग्न गोव्यात नोंदलेलं असेल तर वर लिहिलेलं हिंदू विवाह कायद्याचं काहीच लागू नाही. तिथे वेगळा नागरी कायदा आहे, पणजी किंवा मडगावचा वकील बघा. आणि जोडीदार अमेरिकन नागरिक असून तुम्हाला दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळालं असेल, तर हुकूमनामा होण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, नंतर नको.

तुम्ही या आठवड्यात करायच्या गोष्टी दोनच. न्यू जर्सीतला वकील नेमा आणि ईमेल कोणत्या तारखेला आला ते त्याला कळवा. आणि त्याच वकिलाला न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन इथल्या सुपीरियर कोर्टाच्या अभिलेख कार्यालयातून नवऱ्याच्या पहिल्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागवायला सांगा. तो दुसऱ्या राज्यात झाला असेल तर तिथून. त्या प्रतीत तीन गोष्टी बघायच्या: पहिलं लग्न कुठे झालं, पहिली पत्नी हजर होती का, आणि हुकूमनाम्याची तारीख तुमच्या लग्नाआधीची आहे ना. ती हातात येईपर्यंत नाशिकच्या अर्जाचा मसुदा करायला घेऊ नका.